तुमच्या नातीची बुद्धी मोजायला नेली तेव्हा

अप्पा,

तुमच्या नातीची बुद्धी मोजून घ्यायला मी तिला लखनौला घेऊन गेले होते. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. ती झाली तेव्हा तुम्हाला जाऊन बरीच वर्षं लोटली होती, आणि मीही मूल होण्याची आशा सोडून बँकेतल्या बढतीच्या परीक्षांकडे लक्ष द्यायला लागले होते. उशिरा झालेलं एकुलतं पोर. चार वर्षांची असतानाच ती आपली आपण वाचायला लागली. कचोडी ज्या कागदात बांधून यायची तो कागद आधी सोडवून, झटकून वाचायची आणि मग खायची. पावसाळ्यात गंगा चढायला लागली की आपल्या दादाचं, तिच्या मामाचं, बोट धरून बालाजी घाटावर जायची, किती पायऱ्या बुडाल्या ते बघायची आणि उद्या पाणी कुठवर येईल ते त्याला सांगून ठेवायची. कधी बरोबर यायचं, कधी साफ चुकायचं. चुकलं की तिला जास्त मजा वाटायची. "मामा, गंगा ने मुझे हरा दिया," असं ओरडत जिना चढून यायची. घरात आम्ही मराठीच बोलतो, पण आनंद झाला किंवा भीती वाटली की ती हिंदीत शिरते. आता हे सगळं भूतकाळात लिहिताना माझ्या लक्षात येतंय की मी एका सात वर्षांच्या मुलीबद्दल लिहिते आहे, कुणा गेलेल्या माणसाबद्दल नाही.

आम्ही तिला नावाजलेल्या इंग्रजी शाळेत घातलं. दुसरीत असताना तिने एकदा फळ्यावरचं गणित चुकलंय असं बाईंना सांगितलं. बाई तरुण होत्या, त्यांना ते लागलं असावं. त्यानंतर त्या तिला "वैज्ञानिक जी" म्हणायला लागल्या. रोज तिला पुढे बोलवायचं, वरच्या वर्गातला एखादा प्रश्न विचारायचा आणि तिला आलं नाही की सगळ्या वर्गाला टाळ्या वाजवायला सांगायचं. हे मला फार उशिरा कळलं, तेही तिच्याच वर्गातल्या एका मुलीच्या आईकडून, बँकेच्या काउंटरवर. तोवर तुमच्या नातीनं वर्गात तोंड उघडणं बंद केलेलं होतं. मग सकाळी उलट्या सुरू झाल्या. दप्तर पाठीला लावलं की मोरीकडे धावायची. डॉक्टर म्हणाले, पोटात काही नाही. त्यानंतर ती बसल्या बसल्या डाव्या भुवईचे केस उपटायला लागली. एक दिवस वेणी घालताना मी तिचा चेहरा वर केला, तर भुवईच्या जागी नुसती लालसर कातडी होती. मी विचारलं, "दुखत नाही का गं?" ती म्हणाली, "नहीं. अच्छा लगता है." मुख्याध्यापिकांनी आम्हा दोघांना बोलावून घेतलं. "बच्ची में कुछ कमी है," त्या अगदी सौम्यपणे म्हणाल्या. "कहीं दिखाइए. अगले सेशन में हम इसे नहीं रख पाएँगे."

माझे यजमान रेल्वेत आहेत, आठवड्यातले निम्मे दिवस बाहेरच. त्यांनी ओळखीपाळखीतून चार शाळा पाहिल्या. जुन्या शाळेचा शेरा वाचला की सगळीकडे आवाज बदलायचा. मग त्यांच्या एका सहकाऱ्याने सांगितलं की सारनाथच्या रस्त्याला एका शाळेत तल्लख मुलांसाठी वेगळा वर्ग सुरू झाला आहे. आम्ही गेलो. वर्गात जेमतेम डझनभर मुलं होती. काही अंगणात पालथी पडून दोऱ्याने झाडाची सावली मोजत होती आणि त्यांच्या बाई त्यांच्याबरोबर जमिनीवर बसून त्यांच्याशी वाद घालत होत्या. अप्पा, तुमच्या नातीनं कित्येक महिन्यांत घराबाहेर माझा हात सोडला नव्हता. तिथे तिने तो सोडला. हळूच जाऊन ती त्या मुलांजवळ उकिडवी बसली, आणि थोड्या वेळाने मला तिचा आवाज ऐकू आला. दोरा सैल धरलाय, ताणून धर, असं ती कुणाला तरी सांगत होती. मी तिथेच भिंतीला टेकले. ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, पण त्यांनाही ऐकू आलं होतं.

त्या वर्गाच्या प्रमुख म्हणाल्या, मुलगी मला आवडली, पण प्रवेश माझ्या हातात नाही. समितीला खाजगी मानसतज्ज्ञाकडून करून घेतलेल्या बुद्धीच्या चाचणीचा आकडा लागतो. त्यांनी ठरवलेल्या रेषेच्या वर असला तर मुलगी आत, खाली असला तर नाही. "और एक बात समझ लीजिए," त्या म्हणाल्या. "ये टेस्ट साल में एक ही बार मान्य होता है. बच्ची अभी जिस हालत में है, नंबर कम भी आ सकता है. फिर वही नंबर फ़ाइल में रहेगा." परत येताना रिक्षात ती आम्हा दोघांच्या मध्ये बसली होती आणि विचारत होती, "कल भी आएँगे न?" 

त्या दिवसापासून तुम्ही माझ्या डोक्यातून हलत नाही. तुम्ही पाठशाळेत व्याकरण शिकवायचात, आणि नवीन मुलं यायची तेव्हा ओसरीवर बसून त्यांची परीक्षा घ्यायचात. एक श्लोक एकदाच म्हणायचा आणि मुलाकडून तो परत मागायचा. ज्याला यायचा त्याच्या पाठीवर तुमचा हात पडायचा. ज्याला यायचा नाही त्याला आई बत्तासे द्यायची, आणि तो बापाचं बोट धरून गल्लीतून परत जायचा. मला लहानपणी वाटायचं की बत्तासे मिळालेला मुलगाच जिंकला. दादाची परीक्षा तुम्ही कधी घेतलीत ते मला आठवत नाही, मला समज आली तेव्हा तो हुशार ठरलेलाच होता. एकदा ऐकलं की त्याच्या तोंडात बसायचं. पुण्याहून, ग्वाल्हेरहून कुणी काशीला आलं की तुम्ही त्याला हाक मारायचात आणि तो अंगणातला खेळ टाकून, हात धुऊन, तुमच्यापुढे येऊन उभा राहायचा. पाहुणे माना डोलवायचे. तुमचे कान लाल व्हायचे. ते पाहायला मी दाराआड उभी असायचे.

आणि मग गणपतीतली ती सभा. दादा दहा वर्षांचा असेल, मी सहाची. मोहल्ल्यातले सगळे शास्त्रीबुवा बसलेत, बायका माडीवर. दादाच्या खांद्यावर तुमचंच जरीकाठी उपरणं, ते सारखं घसरतंय. तो म्हणायला लागतो. आवाज असा की दारातले लोकही बोलायचे थांबतात. अर्धं स्तोत्र होतं, त्याहून थोडं जास्त, आणि तो थांबतो. आधी सगळ्यांना वाटतं श्वास घेतोय. एक वृद्ध शास्त्रीबुवा पुढचा शब्द सांगायला तोंड उघडतात, आणि तुम्ही हात वर करून त्यांना थांबवता. "त्याला आठवेल," तुम्ही म्हणता. दादा उभा आहे. त्याचं नाक वाहतंय आणि तो ते पुसत नाही. अखेर कुणीतरी दया येऊन आरतीचं तबक उचललं आणि झांजा वाजल्या. घरी येताना तुम्ही एकटे पुढे चालत होतात. आई, दादा आणि मी मागे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती, दादा पाटावर बसून दूध पीत होता. मी आईजवळ फतकल मारून तेच स्तोत्र म्हणायला लागले. मला कुणी शिकवलं नव्हतं, दाराआडून ऐकून आलं होतं. जिथे दादा अडला ती जागा मी न अडखळता पार केली आणि शेवटपर्यंत गेले. वर बघितलं तर तुम्ही दारात. मला वाटलं, आता पाठीवर हात. तुम्ही म्हणालात, "बंद कर. या घरात पुन्हा ते नको." आईचा सुपातला हात थांबला. तुम्ही ते मला म्हणालात की दादासाठी म्हणालात, हे मला आजवर कळलेलं नाही. पण त्यानंतर तुम्ही माझी परीक्षा कधी घेतली नाहीत आणि दादाकडूनही पुन्हा एक ओळ म्हणवून घेतली नाहीत. त्याच्यावर रागावलाही नाहीत कधी. त्याची फी भरलीत, तापात त्याच्या उशाशी बसलात, मॅट्रिक झाला तेव्हा त्याला नवी सायकल आणून दिलीत. सायकल अंगणात लावून तुम्ही आत निघून गेलात आणि त्याने ती कितीतरी वेळ नुसती धरून ठेवली होती. पुढे तो पोस्टात लागला. अजून तिथेच आहे. लग्न केलं नाही, आमच्याबरोबरच राहतो. सकाळची पाळी करून येतो, जेवतो, भाचीला घेऊन घाटावर जातो. आमच्या घरात सर्वांत कमी बोलणारा माणूस तोच.

म्हणून मला चाचणी नको होती. ह्यांना हवी होती. "एकदा आकडा हातात आला की सगळ्यांची तोंडं बंद," हे म्हणायचे. मी म्हणायचे, आकडा कमी आला तर तिचं तोंड बंद होईल, आणि तेही कायमचं. मग हे म्हणायचे, बरं, नको चाचणी. मग एप्रिलमध्ये कुठे घालायची तिला?  रोज सकाळी तेच. ती मोरीत ओणवी आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवते आहे. तिच्या पाठीचे मणके हाताला लागायचे. दुसरी भुवईही विरळ व्हायला लागली होती. बँकेत नोटा मोजताना मी मध्येच थांबायचे आणि समोरच्या गिऱ्हाइकाने हाक मारली की दचकायचे. विश्वनाथाला, संकटमोचनाला, जिथे जिथे हात जोडायची सवय आहे तिथे माझे हात जोडून झाले, आणि नेमकं काय मागायचं तेच मला ठरवता येत नव्हतं. मोठा आकडा मागू, की आकड्याशिवाय जगता येऊ दे म्हणून मागू?

कुणीतरी सिगरा मोहल्ल्यातल्या एका गृहस्थांचा पत्ता दिला. असल्या चाचण्या करतात, प्रमाणपत्र देतात. मी बँकेतून परस्पर गेले. मोबाइलच्या दुकानावरची खोली, भिंतीवर मेंदूचं रंगीत चित्र. त्यांनी शाळेचं नाव विचारलं आणि हसले. "अच्छा, वो. उनकी लाइन मालूम है मुझे. आपको कितना चाहिए?"

"मतलब?" मी म्हटलं.

"मतलब लाइन से थोड़ा ऊपर रखें या अच्छा-ख़ासा? बहुत ऊपर रखेंगे तो वो लोग दोबारा पूछताछ करते हैं."

"बच्ची को कब लाऊँ?"

"लाना हो तो ले आइए. न लाएँ तो भी चलेगा."

ताबडतोब उठून आले असं तुम्हाला लिहायला मला आवडलं असतं. मी उठले नाही. मी बसून राहिले, त्यांनी मागवलेला चहा प्यायले. अंगणात दोरा ताणून धरणारी माझी मुलगी मला डोळ्यांपुढे दिसत होती, आणि हा माणूस तिला तिथे पोचवू शकत होता. सोचकर बताती हूँ, असं म्हणून मी निघाले. घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. हे जेवत होते, त्यांनी ताट पुढे सरकवलं.  मग म्हणाले, "घेऊन टाकू."

"काय बोलता?"

"ती हुशार आहे हे खोटं आहे का? तिथे गेली की दाखवेलच ना ती. आपण फक्त दार उघडून देतोय."

"मग खरीखुरी चाचणीच करून घेऊ ना."

"आणि आत्ता ती जशी आहे, त्यात कमी आला तर?" हे म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. आम्ही दोघं त्या ताटाकडे बघत बसलो.

दादा आतल्या खोलीत होता. त्याने ऐकलं असणार हे मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी मी छतावर बटाट्याचे चिप्स वाळत घालत होते, तो वर आला आणि माझ्या हातातून चादरीचं टोक घेऊन पसरायला लागला. मी म्हटलं, "तुला वाटत असेल की मी अप्पांसारखीच निघाले." तो म्हणाला, "चाचणी कर तिची. नीट माणसाकडून कर." मी बघतच राहिले. मला वाटलं होतं, जगात एक माणूस तरी नको म्हणेल, आणि तो दादा असेल.

"तू सांगतोस हे? तुझं काय झालं ते मी पाहिलंय."

"काय पाहिलंस?" तो चिप्स एकेक करून सुटे करत होता. "माझी परीक्षा घेतली त्याचं मला काही नाही. मला आवडायचं ते. अडलो त्याचंही काही नाही. तो शब्द मला त्याच दिवशी आठवला. परत येताना, पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत. दुसऱ्या दिवशी तू स्वयंपाकघरात म्हणालीस त्याच्या आधीच."

"मग सांगितलं का नाहीस?"

"अप्पा पुढे चालत होते. म्हटलं, घरी गेल्यावर विचारतील तेव्हा सांगू." त्याने चादरीची घडी सरळ केली. "विचारलंच नाही गं पुन्हा. मी वाट बघत होतो. पुष्कळ दिवस बघितली. मग आपण कशाला थांबलोय तेच विसरतो ना, तसं झालं."

खाली गल्लीत कुणाच्या तरी सायकलची घंटी वाजत होती.  तो म्हणाला, "त्या सिगऱ्याच्या माणसाकडून आणलंस तर पोरीला प्रवेश मिळेल. पण तिला कुणी काही विचारलेलंच नसेल. तिला विचारा. येईल ते येईल. आणि नाही आलं तरी विचारणं थांबवू नका." त्या एका दुपारी दादा माझ्याशी जेवढं बोलला तेवढं मागच्या दहा वर्षांत बोलला नसेल. मग तो खाली निघून गेला आणि मी तिथेच, उन्हात, तोंडावर पदर घेऊन बसले.

लखनौच्या मानसतज्ज्ञ बाईंचं नाव मला बँकेतल्या एका साहेबांनी सांगितलं. ह्यांना रजा मिळाली नाही, म्हणून दादा आला. सकाळच्या गाडीत त्याने तिला सरळ सांगितलं, "एक आजी तुला प्रश्न विचारणार आहेत. काही येतील, काही येणार नाहीत. नाही आलं तर 'नाही येत' म्हणायचं. मग त्या पुढचा विचारतात." ती म्हणाली, "तालियाँ तो नहीं बजेंगी?" दादा म्हणाला, "तिथे दोघीच असणार. टाळ्या वाजवायला कोण असेल?" तिला ते पटलं. बाराबंकीपर्यंत ती खिडकीशी बसून खांब मोजत होती आणि हात भुवईला लागला नव्हता. मला तेवढ्यावरून आशा वाटायला लागली. आशा किती थोडक्यावर जगते, अप्पा.

बाई साठीच्या, पांढऱ्या केसांच्या. त्यांनी तिला आपल्या खोलीत नेलं, आम्हाला व्हरांड्यात बसवलं. दार लोटलेलं होतं. लाकडी ठोकळ्यांचा आवाज येत होता, मध्येच तुमच्या नातीचं हसू. दादाने माझ्याकडे बघितलं. मी मनातल्या मनात आकडे रचायला लागले होते. मग ठोकळे थांबले आणि बाईंचा आवाज आला, सावकाश, एकसुरी. त्या अंक म्हणत होत्या आणि तिने ते ऐकून परत म्हणायचे होते. ती म्हणत होती. ओळ लांबत गेली. एका ओळीनंतर आतून काहीच आलं नाही. मी वाट बघितली. दादा खुर्चीत ताठ झाला होता, त्याचे दोन्ही हात गुडघ्यांवर. आत बाई काहीतरी हळू बोलल्या, पेल्याचा आवाज झाला, पुन्हा शांतता. मग दार उघडून त्या बाहेर आल्या.

"लकड़ी के गुटकों में तो इसने कमाल कर दिया," त्या म्हणाल्या. "इस उम्र में मैंने बहुत कम देखा है. लेकिन एक जगह अटकी और उसके बाद मुँह बंद. पानी पिलाया, दूसरा काम दिया, कुछ नहीं. मैं यहीं रोक रही हूँ. टेस्ट पूरा नहीं हुआ, तो नंबर नहीं बनेगा."

मी म्हटलं, एकदा पुन्हा विचारून बघा. त्या म्हणाल्या, "और पूछूँगी तो ये यहीं उल्टी कर देगी." मी म्हटलं, मग फक्त ठोकळ्यांचा आकडा लिहून द्या, तो तर खरा आहे. त्यांनी मान हलवली. एका तुकड्यावरून पूर्ण आकडा मी देत नाही, मी जे पाहिलं ते शब्दांत लिहून देते, साल भर बाद ले आइए. मी हात जोडले, अप्पा. तिथल्या तिथे, व्हरांड्यात, मोलकरीण झाडू घेऊन उभी होती तिच्यादेखत मी त्यांना म्हणाले की वर्षभरात माझी मुलगी राहणार नाही, तुम्ही तिला पाहिलंय ना, मग लिहा ना एक आकडा. माझा आवाज चढला होता. त्यांनी माझे जोडलेले हात आपल्या हातात घेतले, पण आकडा लिहिला नाही. मग मला दारात तुमची नात दिसली. चपला हातात घेऊन उभी. तिने सगळं ऐकलेलं होतं.

परतीच्या गाडीत ती माझ्याशेजारी बसली होती. तिने विचारलं, "मम्मी, मैं फेल हो गई?" आणि मला बोलताच येईना. राग नव्हता. तिच्यावर तर अजिबात नव्हता. नुसती, तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल याची भीती वाटत होती. मी खिडकीबाहेर बघत राहिले. शेतं मागे जात होती. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की त्या दिवशी गल्लीतून एकटे पुढे चालताना तुमचंही असंच झालं असेल. मी इतकी वर्षं समजत होते की तुम्ही दादाला टाकलंत. कदाचित तुम्हाला नुसतं वळून बघता आलं नाही, आणि एक दिवस गेला, दुसरा गेला, मग विचारणं अवघडच होऊन बसलं. हे मी तुमची बाजू घेण्यासाठी लिहीत नाही. दादाचं आयुष्य गेलं ते गेलंच. पण ते किती सहज होतं हे मला त्या गाडीत कळलं आणि मी घाबरले.

समोर दादा बसला होता. त्याने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे वळले. म्हटलं, "नाही गं, नापास नाही. त्या बाई थांबल्या. मला सांग ना, काय काय विचारलं त्यांनी?"  ती म्हणाली, ठोकळे लाल-पांढरे होते. मग हळूहळू सगळं आलं. कुठला नमुना सोपा होता, कुठल्यात तिने आधी चूक केली आणि मग सुधारली, कुठली ओळ ऐकताना तिला आपल्या शाळेच्या बाई आठवल्या. शेवटी म्हणाली, "फिर से तो नहीं जाना पड़ेगा?" मी म्हटलं, "नाही. आता पुन्हा नाही." "पक्का?" "पक्का." सुलतानपूर यायच्या आत ती दादाच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली.

सारनाथच्या शाळेनं प्रवेश दिला नाही. लखनौच्या बाईंनी दोन पानं भरून चांगलं लिहिलं होतं, पण समितीला शब्द नको होते. आम्ही तिला घराजवळच्या एका साध्या हिंदी शाळेत घातलं. तिथे एका वर्गात साठ मुलं आहेत. कुणाचं तिच्याकडे विशेष लक्ष नाही, आणि त्यातच तिला थोडा आराम मिळालेला दिसतो. उलट्या होतात, रोज नाही. डाव्या भुवईत बारीक लव आली आहे, उजवीचं काही खरं नाही. वर्गात ती अजून बोलत नाही. जे तिला येतं ते तिथे तिला कुणी शिकवणार नाही, आणि वर्षावर वर्षं अशी गेली तर ते तिच्यात राहील की नाही मला ठाऊक नाही. संध्याकाळी दादा आणि ती घाटावर बसतात, तो तिला काहीबाही विचारत असतो. घरात आम्ही सगळ्यांनी ठरवलं की चाचणीचा विषय संपला. हे म्हणाले, बरं झालं, सुटलो. दादा म्हणाला, तिला कबूल केलंय तर आता तिच्यासमोर नावही काढायचं नाही.

आणि मागच्या आठवड्यात बँकेत जेवणाच्या सुट्टीत मी जिन्यात उभी राहून लखनौला फोन केला. पुढच्या वर्षीची तारीख मागून घेतली. त्यांनी नाव विचारलं, मी मुलीचं नाव सांगितलं आणि माझा आवाज इतका हळू होता की त्यांना दोनदा विचारावं लागलं. हे घरात कुणाला माहीत नाही. तुम्हाला सांगितलं, कारण तुम्ही कुणाला सांगणार नाही.